एक्सक्लुझिव्ह लायसन्सवर सही केली तर आपलीच गन बंद पडेल का?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतून एका ताईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे म्हणून गाभा तेवढा सांगतो. वडिलांचं थर्मल स्प्रेचं (तापवलेली पावडर वेगाने फवारून धातूवर कोटिंग चढवायचं) छोटं वर्कशॉप आहे, ताई स्वतः मेटलर्जीत एम.टेक. कॉलेजातल्या गाईडसरांबरोबर त्यांनी क्रोमियम कार्बाइडची एक वेगळी पावडर बसवली, एचव्हीओएफ (ऑक्सिजन-इंधनाच्या वेगवान ज्वालेच्या) गनने मारायची, बॉयलर ट्यूब राखेने झिजतात ते थांबवायला. एका वीज केंद्रात इकॉनॉमायझरच्या (बॉयलरचं पाणी आधी तापवणाऱ्या भागाच्या) काही ट्यूबांवर ट्रायल झाली, वर्षभराने जाडी मोजली तर शेजारच्या उघड्या ट्यूब चांगल्याच खाल्ल्या गेलेल्या आणि यांच्या जवळपास जशाच्या तशा. आठ महिन्यांपूर्वी प्रोव्हिजनल (तात्पुरता, तारीख राखणारा) पेटंट अर्ज टाकलाय. आता एक मोठी कंपनी म्हणतेय २५ लाख एकरकमी घ्या, वर ३ टक्के रॉयल्टी, आम्हाला जगभरासाठी एक्सक्लुझिव्ह लायसन्स द्या, आणि हो, आधी पावडरचं कंपोझिशन पाठवा. आखातातल्या एका व्हॉल्व्ह रिपेअरवाल्याचाही मेल आलाय. कॉलेज म्हणतंय पेटंटवर आमचं नाव हवं. बाबा म्हणतात पैसे घे आणि मोकळी हो. नवरा म्हणतो पेटंटबिटंट सोड, फॉर्म्युला तिजोरीत ठेव. ताई विचारतायत, काय करू?

ताई, कंपोझिशन सध्या कुणालाच पाठवू नका, आणि सही तर अजिबात नाही. बाकीचं आता नीट बोलू.

पत्रात तुम्ही एक्सक्लुझिव्ह हा शब्द असा सहज लिहून पुढे गेलाय की मला शंका आली म्हणून तिथूनच सुरू करतो. तुम्हाला वाटतंय एक्सक्लुझिव्ह म्हणजे आपण आणि ती कंपनी, तिसरं कुणी नाही. तसं नाहीये. आपल्या पेटंट कायद्यात, १९७० च्या, व्याख्येतच लिहिलंय की एक्सक्लुझिव्ह लायसन्सने बाकी सगळे बाहेर जातात आणि त्या सगळ्यांत पेटंटचा मालकसुद्धा आला. म्हणजे उद्या खापरखेड्याच्या वीज केंद्रातून कुणी चार ट्यूबा घेऊन आलं की मॅडम तुमचं ते कोटिंग मारून द्या, तर तुम्ही स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या गनने, स्वतः शोधलेली पावडर मारू शकणार नाही, मारलीत तर तुम्हीच कराराच्या बाहेर. बाबांना हे सांगितलंय का? मला वाटतं त्यांना २५ लाख दिसतायत, हे दिसत नाहीये. तुम्हाला जे अपेक्षित आहे त्याला सोल लायसन्स म्हणतात, किंवा एक्सक्लुझिव्हच द्यायचं असेल तर करारात स्पष्ट वाक्य पाहिजे की लायसन्स देणाऱ्याला स्वतःच्या वर्कशॉपमध्ये जॉबवर्क करण्याचा हक्क राखून ठेवलाय. वाक्य एका ओळीचं आहे, पण ते नसेल तर बाकीच्या तीस पानांना काही अर्थ नाही.

दुसरं, तारीख. प्रोव्हिजनलपासून १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन (शोधाचं पूर्ण वर्णन) टाकावं लागतं, नाही टाकलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तुमचे चार महिने उरलेत. परदेशात संरक्षण हवं असेल तर पीसीटी (अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय) अर्जही याच १२ महिन्यांत, त्यानंतर कोणकोणत्या देशात जायचं ते ठरवायला पहिल्या तारखेपासून साधारण ३० महिने मिळतात, भारतात ३१. म्हणजे कंपनीवाले "वर्ल्डवाइड" म्हणतायत ते वर्ल्ड अजून तुमच्याकडे नाहीच आहे. आणि वाटाघाटी लांबल्या की नुकसान तुमचंच होतं, त्यांचं नाही, हे त्यांच्या लीगलवाल्यांना पक्कं माहीत असतं. तुमच्या पत्रावरून ट्रायल अर्जाच्या आधी सुरू झालेली दिसते, ते पेटंट एजंटला तारखांसकट सांगा. आपल्या कायद्यात कलम ३२ आहे, अर्जाआधीच्या एका वर्षात अर्जदाराने चाचणीपुरता केलेला वापर, आणि शोधच असा असेल की चाचणी चारचौघांत करण्यावाचून इलाज नाही, तर त्याने नवेपणा जात नाही. बॉयलर काही घरी नेता येत नाही, त्यामुळे तुमचा मुद्दा बळकट आहे. पण बाहेरच्या देशांत ही सवलत अशीच मिळेल असं धरून चालू नका. आणि गाईडसरांना हात जोडून सांगा की कम्प्लीट अर्ज जाईपर्यंत पेपर नको, कॉन्फरन्स नको, पीपीटी पण नको. प्रोव्हिजनलमध्ये जेवढं लिहिलंय तेवढ्यालाच ती तारीख मिळते, नंतर सुचलेलं काही सर स्टेजवर बोलून गेले तर गेलं ते.

आता कॉलेज. मला माहितीये तुमचा राग, पावडर वर्कशॉपमध्ये मिसळली, गॅस तुमचा, रात्री तुम्ही जागलात, आणि आता हे नाव लावायला आले. पण थोडं थांबा. नोकरीत किंवा शिकताना लागलेल्या शोधाचा मालक कोण यावर आपल्याकडे वेगळा कायदा नाही, जे कागदावर असेल ते. ॲडमिशनच्या वेळी सही केलेल्या गठ्ठ्यात कॉलेजची आयपी पॉलिसी होती का ते शोधा, सरांच्या नोकरीच्या करारात काय आहे ते सरांना बघायला सांगा, आणि कॉलेजची एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिकरचना बघणारी) मशिनं कोणत्या खात्यातून वापरली तेही. बहुतेक वेळा अशा प्रकरणात जॉइंट ॲप्लिकंट व्हावं लागतं आणि त्यात लाज काही नाही. पण कलम ५० समजून घ्या. दोन मालक असतील तर दोघेही आपापला वापर करू शकतात, एकमेकांना हिशोब न देता, मात्र दुसऱ्याच्या संमतीशिवाय कुणीच लायसन्स देऊ शकत नाही. म्हणजे कंपनीशी तुम्ही एकटीने काहीही ठरवलंत तरी कॉलेजच्या रजिस्ट्रारच्या टेबलावर फाईल पडून राहिली की सगळं अडलं, आणि कॉलेजची टेबलं कशी असतात ते तुम्ही एम.टेक.च्या काळात बघितलंय. म्हणून कंपनीला उत्तर देण्याआधी कॉलेजबरोबर दोन-तीन पानांचा करार, वाटा किती, बोलणी कोण करणार (तुम्ही), संमती किती दिवसांत द्यायची, आणि त्या दिवसांत उत्तर नाही आलं तर संमती आहे असं धरायचं. हे शेवटचं घालायला कुरकुर करतील, पण घालून घ्या.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाहीये, अर्धं बरोबर आहे. कोटिंगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. पावडरमध्ये काय आहे हे लपत नाही, कुणीही कोट केलेल्या ट्यूबचा तुकडा कापायचा, माउंट करून पॉलिश करायचा आणि एसईएमखाली धरायचा, कोणतं मूलद्रव्य किती ते दिसतं, एक्सआरडीने फेजही कळतात. तिजोरीला काय कुलूप लावणार, माल तर बॉयलरमध्ये टांगलेला आहे. म्हणून कंपोझिशनला पेटंटच पाहिजे. पण ते कोटिंग तसं बसलं कसं हे तुकड्यातून नीट कळत नाही, ब्लास्टिंगला (कोटिंगआधी ट्यूब खरखरीत करायला) कोणता ग्रिट आणि किती प्रेशर, ब्लास्ट झाल्यावर किती वेळात मारायचं, गनचं अंतर, ट्यूबच्या बेंडवर गन कशी फिरवायची, ऑक्सिजन-इंधनाचं प्रमाण, मध्ये थंड किती करायचं, कुठे थांबायचं. हा नो-हाऊ. तुमच्याकडची खरी मालमत्ता ही आहे आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख एकदाच, तोही कंसात!

पण यात एक मेख आहे. पेटंट अर्जात तुम्हाला माहीत असलेली सगळ्यात चांगली पद्धत लिहावी लागते, मुद्दाम अर्धवट लिहिलं तर पुढे कुणीतरी त्याच मुद्द्यावर पेटंट रद्द करायला उभा राहतो. त्यामुळे "पेटंटमध्ये थोडं लिहू, मुख्य ते लपवू" हा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. अर्जाच्या दिवसापर्यंतचं प्रामाणिकपणे लिहा. त्यानंतर जे शिकाल, साइटवर मारताना काय बिघडतं, ऑपरेटर कसा तयार करायचा, जिग कशी बनवली, तपासणी कशी, ते सगळं नो-हाऊ म्हणून वेगळं, डायरीत तारखेनिशी. आपल्याकडे ट्रेड सीक्रेटचा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे ते मुख्यतः कराराच्या जोरावर टिकतं, आणि वर्कशॉपमधल्या पोरांबरोबरही गोपनीयतेचा साधा कागद करा, गन ऑपरेटर उद्या बुटीबोरीत दुसरीकडे लागला तर तुमचा अर्धा नो-हाऊ त्याच्या हातात चाललेला असतो.

करारात पेटंटची रॉयल्टी आणि नो-हाऊची फी वेगवेगळी लिहा. पेटंट २० वर्षांचं, अर्जाच्या तारखेपासून, आणि ते मिळालंच नाही किंवा संपलं तर नुसत्या "रॉयल्टी" शब्दावर पुढे पैसे मागता येणं अवघड. पेटंट अजून मंजूर नाही, मंजूर होईपर्यंत तुम्ही कुणावर दावाही लावू शकत नाही, म्हणून कंपनी भाव पाडणार. पाडू द्या थोडा, पण नो-हाऊची फी त्याच्याशी बांधू नका.

या धंद्यात आधी लोकांनी काय केलंय ते बघण्यासारखं आहे. युनियन कार्बाइडने (हो, भोपाळवालीच, तो विषय वेगळा आणि मोठा) १९५० च्या दशकात डिटोनेशन गन काढली, डी-गन म्हणतात ती. ती गन त्यांनी विकलीच नाही. विमानाच्या इंजिनाचे पार्ट आमच्याकडे आणा, आम्ही कोटिंग मारून देतो, गन आमच्या भिंतीआड. सर्व्हिसवर पिढ्यान्‌पिढ्या धंदा केला. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत जेम्स ब्राउनिंगने जेट-कोट काढलं, आज आपण ज्याला एचव्हीओएफ म्हणतो त्याची सुरुवात, आणि त्याची गन मात्र बाजारात विकली गेली, म्हणून तर आज हिंगण्यात आणि भोसरीत एचव्हीओएफ आहे. तिसरा रस्ता चाकणच्या बोल्टवर बघायला मिळतो. जिओमेट नावाचं झिंक फ्लेक कोटिंग गाड्यांच्या फास्टनरवर असतं, त्यात मूळ कंपनी स्वतःचं द्रावण बनवते आणि ठिकठिकाणच्या कोटिंगवाल्यांना लायसन्स देते, माल आमचा वापरायचा, पद्धत आमची, क्वालिटी आम्ही तपासणार. आणि आपल्याकडे हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन संस्थेने डिटोनेशन स्प्रेचं तंत्रज्ञान उद्योगांना दिलं ते प्रदेश वाटून, एका भागात एकाला, दुसऱ्यात दुसऱ्याला. सरकारी संस्था असून हे केलं, मला ते फार आवडतं.

तुम्हाला माझ्या मते जिओमेटची वाट जमेल, प्रदेश एआरसीआयसारखा वाटून. पावडर तुम्ही बनवून घ्या आणि पुरवा, मारायचं लायसन्स इतरांना. एक काळजी मात्र, कलम १४० नुसार पेटंटच्या वस्तूशिवाय दुसरा माल आमच्याकडूनच घ्या अशी अट लायसन्समध्ये घालता येत नाही. पावडर हीच पेटंटची वस्तू असेल तर प्रश्न वेगळा, पण क्लेम (पेटंटने नेमका कशावर हक्क सांगितलाय ते) नुसता प्रोसेसवर असेल आणि तुम्ही पावडरची सक्ती केलीत तर ती अट टिकणार नाही. म्हणून चार महिन्यांत जे कम्प्लीट स्पेसिफिकेशन लिहिणार आहात त्यात पावडरवरही क्लेम हवा. एजंटला धंदा कसा करणार ते न सांगता क्लेम लिहून घेतले की असं होतं. त्याच कलमात हेही आहे की कंपनीने केलेली सगळी सुधारणा फक्त तुम्हालाच द्यायची असं तुम्ही लिहून घेऊ शकत नाही, त्यामुळे त्यांच्या सुधारणा वापरायचा नॉन-एक्सक्लुझिव्ह हक्क मागा. आणि तुमच्या पुढच्या सुधारणा आपोआप त्यांच्या होतील असलं वाक्य त्यांच्या मसुद्यात नक्की असेल, ते काढा, तुम्ही पस्तिशीच्या आतल्या दिसताय, पुढची वीस वर्षं काय नुसतं बघत बसणार?

फील्ड, म्हणजे वापराची क्षेत्रं, वाटा. या कंपनीला कोळशावरच्या वीज केंद्रांचं द्या, हवं तर तेवढ्यापुरतं एक्सक्लुझिव्ह, तुमचा जॉबवर्कचा हक्क राखून. सिमेंटवाल्यांचे आयडी फॅन (धूर ओढणारे पंखे), साखर कारखान्यांचे बगॅस (उसाच्या चिपाडाचे) बॉयलर, व्हॉल्व्ह, हे तुमच्याकडे ठेवा. हिमाचलात नाथपा झाकरीसारख्या जलविद्युत प्रकल्पात सतलजच्या गाळातली क्वार्ट्‌झ टर्बाइन खाते, ते मार्केट मोठं आहे पण तिथे टंगस्टन कार्बाइडची कोटिंग चालतात आणि तुमचा डेटा राखेचा आहे, म्हणून आज तो विषय काढू नका, फक्त देऊनही टाकू नका. एक्सक्लुझिव्हला दरवर्षीची किमान रॉयल्टी जोडा. दोन वर्षांत त्यांनी काहीच केलं नाही तर लायसन्स आपोआप नॉन-एक्सक्लुझिव्ह. मोठ्या कंपन्या कधीकधी तंत्रज्ञान घेतात ते वापरायला नाही, दुसऱ्याने वापरू नये म्हणून, तेव्हा ही अट एकमेव औषध आहे.

३ टक्के हे कशाचे, हे पत्रात नाहीये. नफ्याचे असतील तर विसरा, नफा त्यांचा अकाउंटंट ठरवणार. विक्रीचे असतील तरी ट्यूब पॅनेलच्या ओव्हरहॉलच्या मोठ्या बिलात कोटिंगची ओळ किती दाखवायची ते तेच ठरवणार. त्यापेक्षा मोजता येईल असं घ्या, चौरस मीटर किंवा पावडरचे किलो. हिशोब करून दाखवतो. जाडी पाव मिलिमीटर धरली तर एका चौरस मीटरवर पाव लिटर कोटिंग, घनता ७ धरली तर पावणेदोन किलो, आणि मारलेल्या पावडरपैकी अर्धीच चिकटते असं धरलं तर साडेतीन किलो पावडर. ५१ मिलिमीटर व्यासाच्या हजार मीटर ट्यूबला १६० चौरस मीटर, म्हणजे ५६० किलो. तुमचे खरे आकडे तुम्ही घाला. पावडर तुमच्याकडूनच जात असेल तर त्यांनी किती ट्यूब मारल्या हे त्यांनी सांगायची गरजच नाही, तुमच्या चलनबुकात आहे. तरीही हिशोब तपासण्याचा हक्क करारात असू द्या. आणि रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो वेगळा की आतच, ते लिहून घ्या, नाहीतर ३ टक्क्यांतले तुमच्याच खिशातून जातात. बाकी टॅक्सचं सीएला विचारा, पेटंटच्या रॉयल्टीला सवलतीचा दर मिळतो का तेही.

कुणी न विचारलेला पण मला सगळ्यात जास्त छळणारा मुद्दा म्हणजे कोटिंग उडालं तर काय. त्यांच्या ठेकेदाराने शटडाऊनच्या घाईत ब्लास्टिंग धड केलं नाही, ओल्या हवेत ट्यूब रात्रभर ठेवली आणि सकाळी मारलं, सहा महिन्यांत पापुद्रे निघाले, ट्यूब लीक, वीजनिर्मितीचा सेट बंद. २१० मेगावॅटचा सेट एक दिवस बंद म्हणजे ५० लाख युनिट, युनिटला ४ रुपये धरले तरी दोन कोटी. तो दावा फिरत फिरत तुमच्याकडे आला तर २५ लाख कुठच्या कुठे. म्हणून करारात या गोष्टी, तुमची जबाबदारी मिळालेल्या रॉयल्टीपुरती मर्यादित, सेट बंद पडल्याचं नुकसान तुमच्यावर नाही, आणि कोटिंग मारणारा ऑपरेटर तुमच्याकडे ट्रेनिंग घेतलेलाच हवा, प्रत्येक लॉटबरोबर नमुना पट्टी, तिची जाडी, पोरॉसिटी (आतली छिद्रं) आणि बाँड टेस्टचा (गोंदाने चिकटवून कोटिंग ओढून बघायच्या चाचणीचा) रिपोर्ट. बाँड टेस्टमध्ये बहुतेक वेळा कोटिंगआधी गोंदच तुटतो, त्यामुळे तो आकडा बघून फार खूश होऊ नका, पण रिपोर्ट असू द्या.

कंपनी कंपोझिशन मागते त्याला उत्तर असं द्या की तुम्ही तुमच्या नमुना पट्ट्या पाठवा, आम्ही कोट करून देतो, इरोजन म्हणजे झिजेची टेस्ट तुम्ही एनएबीएल (प्रयोगशाळा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबमध्ये करा, एएसटीएम जी ७६ या मानकाप्रमाणे वेगवेगळ्या कोनात, आणि बॉयलरच्या तापमानाला जी २११ प्रमाणे. कोन महत्त्वाचा आहे, साधं स्टील तिरक्या माऱ्याला जास्त झिजतं आणि कडक कोटिंग सरळ माऱ्याला, एकाच कोनाचा आकडा दाखवून कुणी फसवूही शकतं आणि फसूही शकतं. पट्ट्या कापून विश्लेषण करायचं नाही आणि सगळ्या परत करायच्या, हे एनडीएत (गोपनीयतेच्या करारात) घाला. कोराडीला सीपीआरआयचं (केंद्र सरकारच्या वीज संशोधन संस्थेचं) थर्मल रिसर्च सेंटर तुमच्या घरापासून फार लांब नाही, तिथे आधी विचारून बघा, वीज केंद्रवाले त्यांचा कागद मानतात. कंपोझिशन कम्प्लीट अर्ज गेल्यावर आणि पहिला हप्ता खात्यात आल्यावर.

आखाताचं मात्र जरा जपून. पावडर विकणं वेगळं आणि पद्धतीची कागदपत्रं मेल करणं वेगळं. डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) स्कोमेट यादी असते, परवान्याशिवाय बाहेर पाठवता न येणाऱ्या वस्तू-तंत्रज्ञानाची, त्यात काही कोटिंग प्रक्रियांचं तंत्रज्ञानही आहे, प्लाझ्मा स्प्रेचे काही प्रकार, व्हॅक्यूममधल्या प्रक्रिया वगैरे. तुमचं एचव्हीओएफ त्यात बसत नसेलही, पण नसेल हे एकदा जाणकाराकडून लेखी घ्या, कारण त्यात पीडीएफ पाठवणंसुद्धा निर्यातच धरतात. तोवर त्यांना व्हॉल्व्ह नागपूरला पाठवायला सांगा, कोट करून परत. डी-गनवाल्यांनी तेच केलं होतं.

बाबांना म्हणावं २५ लाखांना नाही म्हणत नाहीये, सहीच्या वेळी ते घ्याच, त्यातून पीसीटी आणि वकिलाची फी निघेल, फक्त त्याच्या बदल्यात वीज केंद्रांपुरतंच द्यायचं. पेटंट मंजूर झालं की पेटंट ऑफिसला कराराची नोंद करा, आपलं मुंबईचं ऑफिस अँटॉप हिलला आहे, काम ऑनलाइन होतं. लेखी आणि नोंदवलेला नसेल तर कोर्टात तो कागद दाखवताना नाकी नऊ येतात. कंपनीची टर्मशीट (मुख्य अटींचा कच्चा कागद) आली की मला जरूर पाठवा, फक्त त्यात कुठे पावडरचं प्रमाण लिहिलेलं असेल तर आधी काळं करा, मलाही ते कळायला नको.